केरबा, सात कॉम्प्युटर आणि एकच माळ

एका गावात एक भोळा केरबा होता. शहाणे गावात पुष्कळ होते, म्हणून त्यांना आडनावानं ओळखावं लागे. केरबा एकच होता.

सव्वीस वर्षांचा, अंगानं धट्टाकट्टा. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे, आणि न सांगितलेलं कधी करत नसे. आई म्हणायची, "माझ्या पोरात खोट न्हाई." शेजारी म्हणायचे, "भिंत पक्की हाय, पण दारच ठेवलेलं न्हाई."

नदीपलीकडच्या गावात सुगंधा राहायची. केरबानं तिला यात्रेत एकदाच पाहिलं होतं. तिनं त्याला विचारलं होतं, "ह्यो पाळणा कुठं थांबतो ओ?" केरबा म्हणाला होता, "खाली." ती इतकी हसली की हातातला उसाचा रस सांडला. त्या दिवसापासून केरबाला लग्न करायचं होतं, आणि ते सुगंधाशीच.

आईनं सांगावा धाडला. सुगंधाचे वडील बळवंतराव म्हणाले, "पोरगं बरं हाय. पण हाताला काम लागू दे. मग येतो बघायला."

काम लागायचा योगही आला. गावच्या वाचनालयाला सात जुने कॉम्प्युटर मिळाले. सात ठिकाणांहून आलेले, सात तऱ्हांचे. वाचनालयाचे अध्यक्ष जोतीराम मास्तर केरबाला म्हणाले, "रविवारी उद्घाटन आहे. तोवर हे चालू कर. चालू झाले तर सांभाळायचं काम कायमचं तुझं. नाही झाले तर शेजारचं गाव टेम्पो घेऊन तयारच आहे."

केरबाला कॉम्प्युटरातलं काही कळत नव्हतं. पण त्याची थोरली बहीण, विमलआक्का, तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची. नेमका तिचा पाय मोडला होता. मांडीपर्यंत प्लास्टर. तिनं पेनड्राइव्ह पाठवला आणि फोनवर समजावलं.

"केरबा, कॉम्प्युटर वरनं सारखेच दिसतात. पण आतला प्रोसेसर वेगवेगळ्या वाणाचा असतो. कुणी चौसष्ट, कुणी बत्तीस, कुणी आर्म. पुस्तकं वाचायचा प्रोग्राम मी तिन्ही वाणांचा दिलाय. ज्याला जो चालतो तोच घालायचा. गाईचं वासरू म्हशीला लावून चालंल का?"

"न्हाई."

"मग वरनं बघून ठरवू नकोस. आधी त्यालाच विचार."

केरबाच्या खांद्यावर कायम एक टॉवेल असे. लक्षात ठेवायचं काही असलं की तो टॉवेलाला गाठ मारी. त्यानं पहिली गाठ मारली. आधी त्यालाच विचार.

सोमवारी सकाळी तो वाचनालयात गेला, चपला बाहेर काढल्या, पहिल्या कॉम्प्युटरसमोर हात जोडले.

"नमस्कार. आपला वाण कोणचा?"

कॉम्प्युटर गप्प. केरबाला वाटलं, नवीन गाव आहे, बुजला असेल. त्यानं तांब्याभर पाणी आणून समोर ठेवलं. मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. तिसरा 'घर्र' म्हणाला. केरबानं आठवून पाहिलं. घर्र वाण आक्कानं सांगितला नव्हता.

दुपारी मास्तर आले तेव्हा केरबाचा घसा बसला होता. मास्तरांनी फोन लावून दिला.

"आरं, तोंडानं न्हवं!" आक्का ओरडली. "मोबाईलवर अक्षरं पाठवलीत बघ. तीच्या तीच कीबोर्डवर टाइप कर आणि एंटर दाब. मग पडद्यावर उत्तर येतंय."

"तूच म्हणलीस विचार म्हणून."

आक्कानं कपाळावर हात मारला. केरबानं दुसरी गाठ मारली. विचारायचं ते टाइप करून, आणि एंटर दाबायचं.

संध्याकाळी आईनं ज्वारीची पाटी दिली. "रंगरावाला इचार, गिरण चालू हाय का. असली तर दळून आण."

केरबा पाटी डोक्यावर घेऊन आधी वाचनालयात गेला. एक कीबोर्ड उपसून काखेत मारला आणि मग गिरणीवर आला. पाटी खाली ठेवली, मांडी घालून बसला आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधू लागला. गिरणी चालू हाय का. वेळ लागत होता. रंगराव पिठाचे हात झाडत बघत राहिला.

"केरबा, काय करायलास?"

केरबानं बोट ओठावर ठेवून त्याला गप्प केलं. शेवटी एंटर दाबलं आणि मान वर करून रंगरावाच्या कपाळाकडे बघत बसला. उत्तर येईल तर तिथंच येईल, दुसरी सपाट जागा रंगरावाला नव्हती.

रंगरावानं थोडा वेळ कपाळ बघू दिलं. मग गिरणी बंद केली, कुलूप लावलं आणि घरी गेला.

त्या दिवशी घरात भाकरी झाली नाही. आईनं आक्काला फोन लावला आणि केरबाच्या हातात दिला.

"माणसाला तोंडानं विचारायचं रे येड्या! एकदा विचारायचं, उत्तर कागदावर लिहून ठेवायचं, संपलं. सारखं सारखं विचारून कुणाचं डोकं खायचं न्हाई."

तिसरी गाठ. एकदा विचारायचं, लिहून ठेवायचं, संपलं.

मंगळवारी केरबानं पहिल्या कॉम्प्युटरवर आक्कानं पाठवलेली अक्षरं टाइप केली. एंटर दाबलं. आणि खरंच उत्तर आलं. शेवटी चौसष्ट होतं. केरबाला कोण आनंद! त्यानं ते कागदावर लिहिलं. एकदा विचारलं, लिहून ठेवलं, संपलं. मग त्याच कागदाच्या सात चिठ्ठ्या केल्या, सातही कॉम्प्युटरना भाताच्या शितानं चिकटवल्या, आणि सगळ्यांत चौसष्टचा प्रोग्राम घातला. तीन चालले. चार हूं की चूं करेनात.

"या चौघांना काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"चिठ्ठी तर लावलीया," केरबा म्हणाला. "वाचंनात, त्याला मी काय करू?"

फोनवर आक्का म्हणाली, "एक चौसष्ट निघाला म्हणून सगळे चौसष्ट व्हतात व्हय? उद्या तुझं नाव केरबा म्हणून सगळ्या गावाला केरबा म्हणायचं का? हरेकाला वेगळं विचार. एक बी सोडू नकोस!"

"आणि मग डोकं खाल्लं तर?"

"खा!"

चौथी गाठ त्यानं दोन्ही हातांनी आवळली. हरेकाला वेगळं विचार, एक बी सोडू नकोस.

पण बुधवारी वीज नव्हती, आणि गुरुवारी मास्तरांनी त्याला बाजाराला धाडलं. "आठ नारळ आण. सात कॉम्प्युटरचे आणि एक गणपतीचा. तालुक्याचे साहेब यायचेत, एकही खवट निघता कामा नये."

केरबा दुकानात गेला. नारळ वरनं सगळे सारखेच दिसत होते. वरनं बघून ठरवायचं नाही. हरेकाला वेगळं विचारायचं. त्यानं दुकानाच्या पायरीवर पहिला नारळ आपटला.

तासाभरानं तो वाचनालयात परतला. पिशवीतनं पाणी गळत होतं.

"गुरुजी, आठच्या आठ गोड. नववा खवट निघाला, तो दुकानात माघारी दिला."

मास्तरांनी पिशवीत पाहिलं. आत करवंट्या होत्या.

"अरे, फोडलेस कशाला?"

"विचारायला."

मास्तर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. करवंट्या होत्या तिथंच होत्या.

"केरबा, नारळाला फोडून विचारत नाहीत. उचलायचा, कानाशी धरायचा, हलवायचा. आत पाणी वाजलं तर चांगला. नाही वाजलं तर बाजूला ठेवायचा. एवढं सोपं आहे."

पाचवी गाठ. हे फारच सोपं होतं. आक्कानं आधी का नाही सांगितलं, याचं केरबाला नवल वाटलं.

शुक्रवारी त्यानं राहिलेले चार कॉम्प्युटर काढले. पहिला खोका उचलला, कानाशी धरला, गदागदा हलवला. आवाज नाही. दुसरा, तिसरा, तोच प्रकार. चौथा मात्र खुळखुळ वाजला. आतला एक स्क्रू सुटला होता. केरबाचा चेहरा उजळला. चौथा त्यानं टेबलावर मधोमध मांडला आणि त्याला झेंडूचं फूल वाहिलं. बाकीचे तीन उचलून मागच्या परसात नेऊन ठेवले.

मास्तर आले. त्यांनी मोजलं. परत मोजलं.

"तीन कुठं गेले?"

"परसात. खवट हायत."

मास्तर स्वतः परसात गेले आणि धोतराचा सोगा वर खोचून एकेक खोका आत आणू लागले. केरबाला त्यांची दया आली. एवढे शिकलेले मास्तर, आणि खवट मालाचा मोह सुटत नव्हता.

यावेळी फोनवर आक्का ओरडली नाही. हळू बोलली, आणि त्यानं केरबाला जास्त भीती वाटली.

"केरबा, परवा उद्घाटन हाय. हे बुडालं तर काम गेलं. काम गेलं तर सुगंधा गेली. कळतंय का?"

"कळतंय," केरबा म्हणाला.

"मग आता तू डोकं चालवायचंच न्हाई. मी स्क्रिप्ट लिहून देते. स्क्रिप्ट म्हणजे कामाची यादी. कॉम्प्युटर ती वरनं खाली वाचतो, आणि लिहिलंय तेवढंच करतो. जास्त न्हाई, कमी न्हाई."

"माझ्यासारखा हाय की!"

"व्हय रे बाबा," आक्का म्हणाली. "अगदी तुझ्यासारखा."

शनिवारी सकाळी आक्काचा नवरा नवा पेनड्राइव्ह देऊन गेला. तो सुटलेला स्क्रूही आवळून गेला. स्क्रिप्टमध्ये काय आहे ते केरबाला कळावं म्हणून आक्कानं ते मराठीत एका कागदावर उतरवून दिलं होतं.

वाण विचार.
चौसष्ट आलं तर पहिला घाल.
बत्तीस आलं तर दुसरा घाल.
आर्म आलं तर तिसरा घाल.
यातलं काहीच नसेल तर 'ओळख पटली नाही' म्हण आणि तिथंच थांब. पुढचं काही करू नकोस.

केरबानं तो कागद चार वेळा वाचला. आयुष्यात इतकं सरळ बोलणं त्याच्याशी कुणी केलं नव्हतं.

त्यानं पेनड्राइव्ह लावला. पहिला कॉम्प्युटर चौसष्ट, चालला. दुसरा, तिसरा, चालले. चौथा बत्तीस, पाचवा बत्तीस. सहावा, हातभर तारेचा आणि डब्याएवढा, आर्म निघाला, तोही चालला. सातव्यावर पडद्यावर अक्षरं आली. ओळख पटली नाही. आणि सातवा थांबला.

केरबानं घाबरत आक्काला सांगितलं.

"शाब्बास!" आक्का म्हणाली. "ते जुनं धूड लई निराळ्या वाणाचं असंल. चुकीचं घालण्यापरीस थांबलेलं बरं. ह्येच खरं शहाणपण. माझा पाय सुटला की बघते त्याच्याकडं."

शाब्बास. हा शब्द केरबानं दुसऱ्यांना म्हटलेला ऐकला होता. त्यानं सहावी गाठ मारली. ओळख पटली नाही तर तिथंच थांबायचं. त्यातच शहाणपण.

रविवारी उद्घाटन झालं. सातव्यावर मास्तरांनी शाल पांघरली आणि साहेबांना सांगितलं, "हा राखीव आहे." साहेबांनी मान डोलावली. केरबाला काम लागलं.

आठवड्यानं सुगंधाच्या घरचे आले. खरं तर मुलीला बघायला मुलाकडच्यांनी जायचं असतं. पण सुगंधा म्हणाली होती, "मला बी बघायचाय." म्हणून बळवंतराव, तिचा थोरला भाऊ आणि ती, असे तिघं आले.

आईनं केरबाला स्वयंपाकघरात घेतलं. "पाव्हण्यांना इचारून वाढ. आणि सोताचं डोकं चालवू नगस. आक्कानं कागद दिलाय न्हवं, तसंच वाग."

केरबानं खिशातनं कागद काढला. चुलीपाशी ओळीनं पोहे, चहा आणि केळी होती. पहिला, दुसरा, तिसरा. सगळं जमत होतं. फक्त विचारायचं काय, हा प्रश्न होता. कागदावर आकडे होते. माणसाला आकडा म्हणजे वय.

तो बाहेर आला. "पाव्हणं, किती?"

"काय किती?" बळवंतराव म्हणाले.

"वय."

"चौसष्ट. का?"

केरबाचा जीव भांड्यात पडला. त्यानं बळवंतरावांना पोहे दिले. भावाकडे वळला. "तुमचं?"

"बत्तीस."

केरबानं त्याला चहा दिला.

"आणि मला पोहे न्हाईत व्हय?"

"तुमच्या वाणाला चालत न्हाईत," केरबा म्हणाला.

भावानं बापाकडे पाहिलं. बाप पोहे खात होता. केरबा पोह्यांची दुसरी बशी घेऊन सुगंधासमोर आला. पोह्यांवरचं खोबरं घरंगळत होतं.

"तुमचं?"

"चोवीस," सुगंधा म्हणाली आणि हसली. यात्रेतलंच हसू.

केरबानं कागद पाहिला. वरनं खाली पाहिला. उलटा करून पाहिला. चोवीस नव्हतं. त्यानं हातातल्या पोह्यांकडे पाहिलं. पण चुकीचं घालण्यापरीस थांबलेलं बरं.

"ओळख पटली नाही," तो म्हणाला आणि थांबला.

थांबला म्हणजे थांबला. बशी हातात, एक पाय पुढे. नाकावर माशी बसली. त्यानं ती बसू दिली.

बळवंतराव उठले. "ओळख पटली न्हाई? सांगावा तुम्हीच धाडला की ओ! चल पोरी."

आईनं पदर तोंडाला लावला. सुगंधा उठली, केरबाभोवती एक फेरी मारली, त्याच्या हातातला कागद वाचला. मग नाकावरची माशी हाकलली, बशी काढून घेतली आणि उभ्या उभ्या पोहे खाऊ लागली.

"बाबा, बसा खाली. ह्यो माणूस यादीबाहेरचं काय करत न्हाई." ती केरबाला म्हणाली, "दारू हाय का ओ यादीत?"

केरबाचे फक्त डोळे फिरले. "न्हाई."

"जुगार?"

"न्हाई."

"मारझोड?"

"न्हाई."

"मग झालं," सुगंधा म्हणाली. "लिंबू हाय का थोडं?"

लग्न ठरलं. वैशाखातली तारीख निघाली. आक्काला सगळं कळलं तेव्हा तिचं प्लास्टर निघालं होतं, म्हणून ती स्वतः येऊन ओरडली.

"यादीत नसंल तर एक ओळ वाढवायची असती, येड्या! मी त्या सातव्यासाठी आज तेच केलं, तो बी चालू झाला."

केरबाला हे आवडलं. सातवी गाठ मारून त्यानं त्याच दिवशी कागदावर ओळ वाढवली. चोवीस आलं तर माळ घाल. मग चार महिने तो निश्चिंत झोपला.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. केरबानं फेटा बांधला, पण टॉवेल काही केल्या सोडला नाही. सात गाठींनी तो इतका आखूड झाला होता की सुगंधाच्या शेल्याशी बांधायला त्याला टोकच उरलं नव्हतं. मंगलाष्टका झाल्या. अंतरपाट दूर झाला. समोर सुगंधा, हातात माळ. केरबाच्या हातात माळ. वाजंत्र्यांनी गाल फुगवले.

"किती?" केरबानं विचारलं.

सुगंधाला हसू आवरेना. "गेल्या मंगळवारी पंचवीस पुरी झाली."

केरबानं खिशातनं कागद काढला. मांडव बघत होता. वरनं खाली. उलटा.

"ओळख पटली नाही," केरबा म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं, पण तो थांबला.

वाजंत्र्यांचे गाल खाली आले.

"घाल रे माळ!" भटजी ओरडले.

"घाल की मुडद्या!" आई ओरडली.

आक्का मटकन खाली बसली. बळवंतराव सुगंधाच्या कानाशी वाकले. "पोरी, चोवीस म्हण. काय बिघडतंय?"

"लग्नात पयलंच बोलणं खोटं बोलू?" सुगंधा म्हणाली. "पेन द्या कुणीतरी."

मास्तरांनी पेन दिलं. सुगंधानं केरबाच्या हातातला कागद घेतला, त्याच्याच पाठीवर टेकवला आणि शेवटची ओळ खोडून नवी लिहिली. उत्तर काहीही येऊ दे, माळ घाल.

केरबानं ओळ दोनदा वाचली. तोंडभर हसला. आणि सुगंधाच्या गळ्यात माळ घातली.

टाळ्या काय, अक्षता काय! वाजंत्री वाजली. आई रडायला लागली. आक्कानं मास्तरांना नमस्कार केला, मास्तरांनी आक्काला केला. अखेर केरबाच्या हातून एक काम नीट झालं होतं.

सुगंधानं आपली माळ त्याच्या गळ्यात घालायला हात उचलले. एवढ्यात केरबाचा हात खांद्यावरच्या टॉवेलावर गेला. चौथ्या गाठीवर. हरेकाला वेगळं विचार. एक बी सोडू नकोस.

त्यानं सुगंधाच्या गळ्यातली माळ काढली आणि भटजींकडे वळला.

"किती?"

"एकसष्ट," भटजी म्हणाले. "का रे बाबा?"

उत्तर काहीही येऊ दे. केरबानं माळ भटजींच्या गळ्यात घातली. वाजंत्र्यांनी सवयीनं वाजवलं. लोकांनी सवयीनं अक्षता टाकल्या. मग माळ काढून तो बळवंतरावांकडे गेला. मग सुगंधाच्या भावाकडे, मग मास्तरांकडे, मग रंगराव गिरणीवाल्याकडे. रंगरावानं वय सांगायच्या आधी कपाळावर रुमाल धरला. केरबानं एकालाही सोडलं नाही. मांडव मोठा होता, माळ एकच होती. सुगंधा आपली माळ हातात धरून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

आजही त्या गावात कुणी विचारलं, केरबाचं लग्न कुणाशी झालं, तर सुगंधा हसते आणि निम्मा गाव हात वर करतो.